पहिल्या नारळाची खुर्ची

समस्त वाचकांना, विशेषतः इतिहासाच्या अभ्यासकांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की इंग्रज सरकार या देशातून सत्तेचाळीस साली गेलं ही समजूत अपुरी आहे. दिल्लीतून गेलं असेल. मुंबईतून आणि पुण्यातूनही गेलं असेल. आमच्या गावात त्याचा मुक्काम त्यानंतर सात-आठ वर्षं होता. ते गेलं चैत्रातल्या एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला, भैरोबाच्या देवळासमोरून. ते जाताना मी तिथे समक्ष हजर होतो. एवढंच नव्हे, तर ते ज्या खुर्चीवर बसायचं तिचे दोन पाय मी माझ्या हातांनी धरून आणले होते.

गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून तीन घरी मला जेवायला बोलावतात आणि या वयात एवढं नुकसान मला सोसायचं नाही. भोसरीच्या पुढे आणि चाकणच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, एवढं पुरे. आज तिकडच्या माळावर एका कंपनीचं कुंपण संपत नाही तोवर दुसरीचं सुरू होतं. तेव्हा तिथे बाजरी होती, कांदा होता, शेरडं-मेंढरं होती, आणि धूळ इतकी होती की एसटी निघून गेली तरी तिची धूळ फाट्यावर उभी राहून उतारूंची वाट बघायची. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता. गावातले चार-पाच जण सायकली मारत तिकडे कामाला जात आणि त्यांच्यामुळे ‘शिफ्ट’ हा शब्द गावात नुकताच आला होता. तो इतका आवडला होता की म्हाताऱ्या बायकासुद्धा म्हणायच्या, “थांब गं, म्हशीची सांजची शिफ्ट व्हायची हाय अजून.”

मी तिथे शाळामास्तर होतो. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, अक्षर सुरेख. यातला शेवटचा गुण घातक ठरला. ज्याचं अक्षर चांगलं तो जत्रा कमिटीचा चिटणीस, असा गावचा रिवाज होता. आणि चिटणीस म्हणजे ज्याला कुणाकडेही, काहीही विचारायला पाठवता येतं आणि ज्याने मार खाल्ला तर गावाला वाईट वाटत नाही, असा माणूस.

आता खुर्चीकडे येतो.

गावात हातांची खुर्ची एकच होती. शाळेत माझ्यासाठी स्टूल होतं, चावडीत बाक होतं, पाटलांकडे गादी आणि लोड होता. पण टेकायला पाठ, विसावायला दोन हात आणि विणलेल्या वेताची बैठक, अशी रीतसर खुर्ची फक्त रावसाहेबांकडे. खडकीच्या छावणीतला कुणी गोरा साहेब मायदेशी निघताना आपलं सामान लिलावात काढून गेला, त्यात त्यांनी ती घेतली होती. वर्षभर ती त्यांच्या सोप्यात पांढऱ्या चादरीखाली झाकलेली असे. ते स्वतः बाजेवर बसत, आलेला माणूस घोंगडीवर बसे. चादर निघायची ती फक्त जत्रेच्या दिवशी.

रावसाहेब हे त्यांचं नाव नव्हे, पदवी. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मानमोडीची साथ आली, जिला शिकलेले लोक इन्फ्लुएंझा म्हणतात, तेव्हा ते या भागातले सरकारी डॉक्टर होते. त्या साथीतल्या कामगिरीबद्दल इंग्रज सरकारने त्यांना रावसाहेब केलं. एक सनद दिली, एक रुप्याचं पदक दिलं. पेन्शन घेतल्यावर ते आमच्याच गावात घर बांधून राहिले. बायको वारली होती. मुलगा दूर जबलपूरला, आणि त्याची पत्रं त्याहूनही लांबून येत असावीत इतकी उशिरा येत.

जत्रेच्या दिवशी पालखी हलायच्या आधी पहिला नारळ फुटायचा. तो नारळ कुणाच्या हातात द्यायचा, तर देवळासमोरच्या पहिल्या खुर्चीत जो बसला असेल त्याच्या. त्याने तो देवाला दाखवून फोडला की पालखी उठायची. पदवी आल्यापासून तो मान रावसाहेबांचा. ते त्यासाठी आठ दिवस आधीपासून तयारीला लागत. रांगोळीने पदक घासत. काळा कोट उन्हात टांगत. आणि त्या दिवशी खुर्चीवर असे बसत, की काय सांगू. पाठ कधी टेकायची नाही. पुढच्या काठावर, अर्ध्याच बैठकीवर, छडीसारखे ताठ, चेहरा गंभीर. नारळ फुटेपर्यंत तास-दीड तास गेला तरी माणूस हलत नसे. मी शाळेत पोरांना सांगायचो, “बसायचं कसं ते रावसाहेबांकडून शिका.”

त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जात असे. संक्रांत सरली की ते मध्येच, सहज आठवल्यासारखं करून विचारत, “जत्रा किती आठवड्यांवर आली हो मास्तर?” मी सांगे. ते म्हणत, “असं का. बरं, पुढची बातमी.” आणि मग पुढच्या बातमीकडे त्यांचं लक्ष नसे.

आता दुसरं माणूस, आत्या. ती गावची लेक. लग्न होऊन दीड वर्षात नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, म्हणून लहानथोर सगळ्यांची आत्या. मी गावात आलो तेव्हा ती साठीच्या घरात होती. दात दोन, आवाज मात्र बत्तीस दातांचा.

मानमोडीच्या वेळी ती विशीतली. डॉक्टरांकडे वीसेक गावं होती, ते घोड्यावरून आठवड्यातून दोनदा येत, तपासत, औषधाच्या बाटल्या ठेवत आणि पुढच्या गावाला जात. उरलेले पाच दिवस गाव आत्याकडे. घराघरांत पेज घेऊन जायची. आतून दार उघडायला कुणी उठलं नाही तर काठी घालून कडी काढायची. बाटल्या सगळ्या सारख्या, आणि तिला अक्षरओळख नाही. तेव्हा तिने ज्या घरची बाटली त्याच घरातल्या लुगड्याची नाहीतर धोतराची चिंधी फाडून बाटलीच्या गळ्यात बांधली. एकाचं औषध दुसऱ्याच्या घशात गेलं नाही. जी माणसं गेली त्यांना न्यायला कुणी उभं नव्हतं, तेव्हा तिने स्वतः बैल जुंपले. हे मला तिने कधी सांगितलं नाही. गावात ज्याच्या ओट्यावर बसावं तो सांगायचा, आणि सांगताना दर वेळी एखादी चिंधी कुठल्या रंगाची होती तेही सांगायचा.

तर अशी आत्या दर जत्रेला बायकांच्या घोळक्यात, पिंपळाच्या पाराला टेकून उभी राहायची. नारळ फुटला की हात जोडायची आणि घरी जायची.

त्या वर्षी जत्रेआधी पंधरा दिवस कमिटीची सभा देवळात भरली. अध्यक्ष पाटील, त्यांना सगळे आबा म्हणत. सभा नेहमीच्या चालीने चालली होती, म्हणजे कुस्त्यांच्या विषयावर भांडण होऊन ते मिटतही आलं होतं, तेवढ्यात कारखान्यात जाणारा एक गडी उठला. गाव त्याला कंपनीवाला म्हणायचं.

“आबा, एक इचारू का? राज्य कुणाचं हाय आता?”

“आपलं,” पाटील म्हणाले. “का रं?”

“मग पहिली खुर्ची अजून इंग्रजाची कशी?”

“इंग्रजाची कुठनं आली? रावसाहेबांची हाय.”

“त्यांना रावसाहेब कुणी केलं? आपल्या पंचायतीनं?”

सभेत चुळबूळ झाली. कंपनीवाल्याला जोर चढला. “मी डागदरांना वाईट म्हनत न्हाई. पर ते पगार घ्यायचे. पगार घेऊन काम केलं त्यात नवल काय? मी बी शिफ्ट भरतो. मला म्हनतंय का कुणी रावसाहेब?”

“तू आधी येळेवर ऊठ, मग म्हनू,” मागून कुणीतरी म्हणालं.

“हसा. माझा बाप तवा सात वर्सांचा व्हता. आत्यानं चमच्यानं पेज पाजली म्हनून वाचला. न्हाईतर मी आज हितं भांडाया नसतो.”

“म्हंजी ही सगळी आत्याचीच चूक,” तोच मागचा आवाज.

पण हसू लवकरच ओसरलं. जो तो आपल्या घरची चिंधी आठवत असावा. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “पोरगं वंगाळ बोलतंय, पर खोटं न्हाई बोलत. यंदाचा पहिला मान आत्याचा.”

ठराव एकमताने पास झाला. आणि मग खरी पंचाईत सुरू झाली.

मान द्यायचा म्हणजे काय द्यायचं? कुणी म्हणालं, फेटा बांधू. लगेच दुसरा म्हणाला, बाईमाणसाला फेटा? मग खण-नारळाने ओटी भरू, तिसरा बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं. ओटी सवाष्णीची भरतात. कुणी खाली बघितलं, कुणी वर घंटेकडे. बाई म्हणून फेटा नाही, विधवा म्हणून ओटी नाही. सबंध गावाच्या मानपानाच्या पेटाऱ्यात त्या बाईला देण्याजोगी एक वस्तू निघेना. ही गोष्ट इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण तिला काही द्यावं हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिथे मी तोंड उघडलं. म्हणालो, “खुर्ची बाई बघत नाही, पुरुष बघत नाही, कुंकूही बघत नाही. आत्याला पहिल्या खुर्चीत बसवा आणि नारळ हातात द्या. झाला मान.”

सगळ्यांना तोड पसंत पडली. मला स्वतःलाही इतकी पसंत पडली की मी वहीत भरदार शब्दांत लिहून काढलं: ‘परकीय सत्तेने दिलेल्या पदवीपेक्षा स्वकीयांनी अनुभवलेली सेवा श्रेष्ठ होय, सबब...’ आणि पुढे असंच बरंच. वाचून दाखवलं. माना डोलल्या. सह्या झाल्या, अंगठे झाले. शेवटचा अंगठा उमटल्यावर पाटील म्हणाले, “पर मास्तर, खुर्ची आनायची कुठनं?”

चाकणला एका हॉटेलात लोखंडी खुर्च्या आहेत, असं कुणी सुचवून बघितलं. “च्याच्या दुकानातल्या खुर्चीवर मान?” पाटील म्हणाले. “मानाची खुर्ची म्हंजी तीच. सगळ्या गावानं तीच बघितलीया.”

म्हणजे ज्या माणसाला खुर्चीवरून उठवायचं, त्याच्याकडेच ती उसनी मागायची. हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. अक्षर चांगलं असू नये माणसाचं.

त्या संध्याकाळी मी रावसाहेबांकडे वर्तमानपत्र वाचत होतो आणि पुढचं वाक्य कसं काढावं याचा विचार करत होतो. कोपऱ्यात चादरीखाली खुर्ची बसली होती. रावसाहेब बाजेवर डोळे मिटून ऐकत होते.

“मास्तर,” ते म्हणाले, “हीच बातमी तुम्ही मघाशी वाचलीत. आता ठराव वाचा.”

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या गावात बऱ्याच घरांना भिंतीही नव्हत्या, कुडाचं काम होतं. मी खिशातून कागद काढला आणि जेवढ्या हळू आवाजात वाचता येईल तेवढ्या हळू वाचला. त्यांनी तो सबंध ऐकून घेतला.

“भाषा जरा फुगली आहे,” ते म्हणाले. “पण म्हणणं बरोबर आहे.”

ते उठले, ट्रंक उघडली आणि सनदेच्या गुंडाळीखालून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. छापील नमुना होता. साथ संपल्यावर वरच्या कचेरीने लायक माणसांची नावं मागवली होती. पहिलं नाव आत्याचं, खाली डॉक्टरांची सही. पुढे दोन रकाने, हुद्दा आणि खातं. दोन्ही कोरे. आणि आडवा शेरा, की सदर इसमाचा हुद्दा नमूद नाही, सबब पूर्तता करून पाठवावे.

“हेडक्लार्क मला म्हणाला, डॉक्टर, नर्स म्हणून लिहून टाका, कोण बघायला येतंय,” रावसाहेब म्हणाले. “मी तेव्हा तिशीतला. सरकारी कागदावर खोटं लिहायचं नाही, एवढं एक तत्त्व माझ्याजवळ होतं. मी दोन पानं खुलासा लिहून पाठवला, की या बाईला हुद्दा नाही, पगार नाही, कुणी नेमलेलं नाही, आणि म्हणूनच नाव पाठवतो आहे. त्या खुलाशाला उत्तर आलं नाही. माझी सनद मात्र आली. माझे रकाने भरलेले होते ना.”

“आत्यांना हे ठाऊक आहे?”

“काय सांगणार त्यांना? तुमचं नाव मी दिलं होतं, पण तुम्ही कुणीच नव्हता म्हणून परत आलं?”

मी कागद परत दिला. त्यांनी तो घडीवर घडी करून ठेवला.

“मला पगार होता, मास्तर. पगाराच्या कामाची पदवीही मिळाली. दर जत्रेला मी त्या खुर्चीवर बसतो आणि समोर पाराजवळ ती बाई उभी असते. पण न बसण्याचं धैर्य झालं नाही कधी. तो एक दिवस मी लोकांना दिसतो. बाकीचं वर्ष मी नुसता पेन्शनीत असतो.” मग घसा साफ करून म्हणाले, “खुर्ची खुशाल न्या. मी येणार नाही. त्या दिवशी मला ताप असेल.”

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा ते मागून म्हणाले, “आणि बैठकीवर चादर घडी करून घाला. राहू द्या तशीच.”

मला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटतंय. आपली जागा उघडी पडलेली बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेलो. ती परसात गोवऱ्या थापत होती.

“मास्तर, हात शेणाचे हाईत. नमस्कार लांबनंच घ्या.”

मी सगळं सांगितलं. ती गोवऱ्या थापत राहिली.

“खुर्चीत बसून पाय कुठं सोडायचे?”

“खाली सोडायचे.”

“लोंबकळत? सगळ्या गावाम्होरं?”

मी म्हटलं, सगळे तसेच बसतात. तिला ते पटलं नाही, पण तिने ते सोडून दिलं. मग हात थांबवून तिने विचारलं, “आन् डागदर कुठं बसनार?”

गावात त्यांना रावसाहेब न म्हणणारं ते एकच माणूस. मी म्हणालो, “ते... बघू काहीतरी.”

“बघू न्हाई. ते आल्याबिगर मी बसायची न्हाई. त्या कंपनीवाल्याला सांगा, पगाराचं काय घिऊन बसलास. पगार तर वेशीपाशी उभं राहून कागूद लिहिनाऱ्यांना बी मिळत व्हता. ह्ये घरात शिरायचे. म्हाताऱ्याच्या तोंडापाशी कान नेऊन श्वास बघायचे. एकदा माझ्याच अंगात ताप भरला, तवा घोडं झाडाला बांधून रातभर हितंच ऱ्हायले. पुढल्या गावाला जायला उशीर झाला म्हनून वरनं बोलनी बी खाल्ली. ते काय आमच्या लक्षात न्हाई व्हय?”

घरी येताना मी हिशेब केला. तो खुर्ची देणार पण येणार नाही. ही बसणार, पण तो आला तरच. आणि मधे मी. शेवटी मी आत्याला निरोप पाठवला की डॉक्टर येणार आहेत, आणि रावसाहेबांना काहीच निरोप पाठवला नाही. शाळेत पोरांना खोटं बोलू नये हे शिकवण्याचा पगार मी तेव्हा घेत होतो, हेही नमूद करून ठेवतो.

जत्रेचा मंगळवार उजाडला. काय दिवस असायचा तो! तेलात सुटलेल्या भज्यांचा वास, गोडीशेवेच्या राशी, पोरांच्या पत्र्याच्या पिपाण्या, लांबच्या लेकी-जावयांच्या बैलगाड्या ओढ्याच्या काठाला सोडलेल्या. चाकणहून एक मिस्त्री बॅटरीवरचा लाउडस्पीकर घेऊन आला होता. तो मुसलमान, पण आमच्या भैरोबाच्या जत्रेला वडिलांच्या वेळेपासून येणारा. वडील आणायचे पेट्रोमॅक्स, हा आणायचा भोंगा. पिंपळाच्या फांदीला भोंगा बांधून तो सकाळपासून “हॅलो, हॅलो” करत होता आणि समोरच्या डोंगरातून त्याला उत्तर आलं की खूश होत होता. मला म्हणाला, “मास्तर, मशीन नवीन आहे. कुजबुजलात तरी आळंदीत ऐकू जाईल. सांभाळून बोला.”

साडेतीनला मी आणि कंपनीवाला खुर्ची आणायला गेलो. रावसाहेब बाजेवर, चैत्राच्या उन्हात गळ्यापर्यंत शाल ओढून पडलेले, घामाने निथळत. कोनाड्यात पदक ठेवलं होतं, लख्ख घासलेलं. सवयच ती.

कंपनीवाल्याने बैठकीवरची चादरीची घडी उचलून बाजूला टाकली. “मान झाकायचा कशाला?” असं म्हणून त्याने खुर्ची तिच्या दोन्ही हातांना धरून उचलली. सांधा करकरला.

“अरे हातांना धरू नका,” रावसाहेब पडल्यापडल्या म्हणाले. “निखळतील. खालून धरा.”

आम्ही खालून धरली. दारात अडकलो. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, की मी मुद्दाम अडकलो.

“तिरकी करा. तिरकी म्हणजे तशी नव्हे. पाय आधी काढा.” शाल बाजेवर राहिली आणि रावसाहेब दारात आले. अंगात बंडी, डोकं उघडं. अंगणात मी खुर्ची तुळशीवृंदावनाकडे नेली. ते ओरडले नाहीत, पण धावले. बोळात मी ती भिंतीला घासणार असा रंग केला, तेव्हा त्यांनी एक पाय स्वतः धरला. मारुतीच्या वळणावर ते म्हणत होते, “डावीकडे घ्या, डावीकडे,” आणि वळण संपलं तेव्हा समोर सगळं गाव होतं, देऊळ होतं आणि पालखी होती.

रावसाहेबांनी पाय सोडला. कोट नाही, डोक्याला रुमाल नाही, पदक नाही. ते मागे वळलेच होते, तेवढ्यात पाराजवळून तो बत्तीस दातांचा आवाज आला.

“डागदर, हिकडं या. असं लांब नगा उभं राहू.”

लाउडस्पीकरच्या मिस्त्रीने आपली बॅटरीची पेटी पुढे सरकवली. “साहेब, यावर टेका. करंट नाही लागत, माझी जबाबदारी.” रावसाहेब पेटीवर बसले. खुर्चीहून वीतभर खाली. जत्रेत त्यांना पाठीला बाक देऊन बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पाटलांनी आत्याला पुढे आणलं. मी ठराव काढला, पण तिने हातानेच मला गप केलं. नारळ तिच्या हातात दिला. मिस्त्रीने माइक उचलून तिच्याजवळ धरला. नारळ फुटल्याचा आवाज भोंग्यावरून सोडायची त्याची हौस होती.

“आत्याबाई, जरा थांबा,” रावसाहेब पेटीवरून घाईने म्हणाले, “बसण्याआधी जरा पुढच्या काठावर...” पण तेवढ्यात हलगीवाल्यांनी सलामी दिली आणि त्यांचं पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

आत्या बसली. जन्मभर जमिनीवर बसलेलं माणूस जसं बसेल तशी बसली, सगळं अंग सोडून, बैठकीच्या बरोबर मध्यावर, पाठ टेकून. सलामी संपली. हलग्या थांबल्या. सगळं गाव बघत होतं. आत्याने एकदा खाली हात घालून चाचपलं, बैठकीच्या मध्यातून वर आलेलं तुटक्या वेताचं टोक तिच्या बोटाला लागलं, आणि तिने मान वळवून पेटीवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. माइक तोंडापुढेच होता. भोंग्यातून ते सगळ्या माळावर गेलं, पार ओढ्याकाठच्या गाड्यांपर्यंत.

“अवो डागदर, ही तर लई रुततीया की. इतकी वर्सं कसं बसला तुमी हिच्यावर?”